आजीने विरोध केलाच नव्हता

डॉक्टर, नमस्कार.

मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. दोन महिन्यांपूर्वी आमच्या बॅचने अवयवदानाचा कार्यक्रम केला. पोस्टर, रांगोळी, पथनाट्य, सगळं झालं. शेवटी फॉर्म वाटले. जवळपास सगळ्यांनी भरले, मीही भरला. साक्षीदार म्हणून दोन मैत्रिणींनी माझ्या फॉर्मवर सह्या केल्या, मी त्यांच्या. कार्ड मिळालं, ते हातात धरून फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला.

चवथीला, म्हणजे गणपतीला, सगळे मूळ घरी जमले होते. काकीने तो फोटो पाहिला होता. दुपारची पानं उचलून झाल्यावर तिने सगळ्यांसमोर विषय काढला. "तुका पिशें लागलां? वेड लागलंय का तुला? अजून लग्न व्हायचंय आणि मरणाचे फॉर्म भरत सुटलीस?" मी म्हटलं, माणूस ब्रेन डेड झाल्यावरच अवयव घेतात. त्यावर काकांनी विचारलं, "ब्रेन डेड झालेली माणसं परत शुद्धीवर येतात ना? मी वाचलंय." आणि मी म्हटलं, "कधी कधी येतात." डॉक्टर, मला खरंच माहीत नव्हतं. काका म्हणाले, "म्हणजे जिवंत माणसाचे अवयव काढणार तुम्ही." पुढे मला बोलताच येईना. बाबा गप्प होते. आजीने तेवढ्यात विचारलं, "माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. ते डोळे चालतील काय गो?" मी काहीतरी पुटपुटले आणि आत निघून गेले. काकीचं चालूच होतं, पुढच्या जन्मी आंधळी होशील, आधी देवीला कौल लाव आणि मग काय ते भर.

परत आल्यावर वर्गातल्या सहा-सात जणांना विचारलं, ब्रेन डेथ आणि कोमा यांत फरक काय? एकालाही धड सांगता आलं नाही. कार्ड मात्र सगळ्यांकडे आहे.

आणखी एक. रात्री मला स्वतःचीच भीती वाटते. मी टेबलावर आहे आणि कोणीतरी माझे डोळे काढतंय, असं दिसतं. अ‍ॅनाटॉमीच्या हॉलमध्ये वर्ष काढूनही. मी ढोंगी आहे का? कार्ड परत करू? घरच्यांना काय सांगू?

एक विद्यार्थिनी, तालुका डिचोली

*

पोरी, बाकी सगळं नंतर. आधी काकांचा प्रश्न. त्याचं उत्तर चुकीचं गेलंय आणि ते गणपतीवरच्या माटोळीखाली बसलेल्या घरभर माणसांनी एका होऊ घातलेल्या डॉक्टरच्या तोंडून ऐकलंय. ब्रेन डेड झालेला माणूस परत येत नाही. कधी कधी नाही, क्वचितही नाही. आज संध्याकाळी काकांना फोन कर आणि एवढंच सांग, "काका, मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं." कारणं मागाहून समजावता येतील. हे वाक्य डॉक्टरला जन्मभर लागतं, सवय आत्ताच लागलेली बरी.

काकांनी काय वाचलं असेल याचा मला अंदाज आहे. 'ब्रेन डेड ठरवलेला तरुण घरी नेताना हलला' अशा बातम्या अधूनमधून येतात. अशी बातमी दिसली की पहिला प्रश्न विचारायचा: कायद्यात सांगितलेल्या चाचण्या झाल्या होत्या का? की खोल कोमातल्या पेशंटबद्दल कोणीतरी घाईघाईत तो शब्द वापरून टाकला होता? आम्ही डॉक्टरसुद्धा बोलायला ढिले असतो, त्याची गोष्ट पुढे येतेच आहे.

कोमातल्या माणसाचा मेंदूचा देठ, तुझ्या भाषेत ब्रेनस्टेम, काम करत असतो. डोळ्यावर उजेड टाकला की बाहुली आकसते, घशात नळी गेली की तो खोकतो, पुष्कळदा श्वासही स्वतःचा असतो. असा माणूस सुधारू शकतो, बिघडू शकतो, वर्षानुवर्षं तसाच पडूनही राहू शकतो. ब्रेन डेथमध्ये तो देठच मेलेला असतो. डोक्याला जबर मार लागला किंवा आत रक्तस्राव झाला की मेंदू सुजतो. कवटी हाडाची, ती काही फुगत नाही. आतला दाब इतका वाढतो की रक्त वर चढूच शकत नाही. रक्त थांबलं की मेंदूच्या पेशी काही मिनिटांत मरतात आणि मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. श्वास घे म्हणून सांगणारं केंद्र त्या देठातच असतं, तेव्हा हा माणूस स्वतःहून एकही श्वास घेऊ शकत नाही.

"मग काळीज कसं चालतं?" हे काका विचारणारच. आमच्या वेळी फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला बेडूक असायचा. काजळी धरलेल्या कागदाचा ड्रम हळूहळू फिरायचा आणि बेडकाच्या हृदयाला बांधलेली सुई त्यावर ठोक्यांची रेघ काढत जायची. बेडकाचा मेंदू आम्ही आधीच निकामी केलेला असायचा. तरी रिंगरच्या, म्हणजे क्षारांच्या, द्रावणाचे थेंब टाकत राहिलं की हृदय आपलं चालूच. प्रॅक्टिकलचा तास संपायचा, ठोके संपायचे नाहीत. तुम्हाला हे कॉम्प्युटरवर दाखवतात. बेडकांचं भलं झालं, पण ती रेघ डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी या प्रश्नावर अडत नाही. हृदयाचा पेसमेकर हृदयातच असतो. त्याला लागतो प्राणवायू, आणि तो व्हेंटिलेटर पुरवतो. तोही किती दिवस? रक्तदाब ढासळतो, शरीरातल्या क्षारांचा तोल जातो आणि बहुधा काही तासांत किंवा काही दिवसांत हृदयही थांबतं.

आता चाचण्या. तुझ्या पुस्तकात या फोरेन्सिकच्या एका शॉर्ट नोटमध्ये बसतात, म्हणून मी जरा पसरून सांगते. मी भूलशास्त्राची. आयसीयूत उमेदीची बरीच वर्षं गेली आणि ब्रेन डेथ ठरवणाऱ्या फॉर्मवर अनेकदा सही केली आहे.

आधी खात्री करायची की शरीर थंड पडलेलं नाही, झोपेचं वा भुलीचं औषध अंगात नाही, रक्तदाब पडलेला नाही, म्हणजे मेंदूला फसवणारं दुसरं काही नाही. मग टॉर्च. बाहुल्या हलत नाहीत. कापसाचं टोक बुबुळाला लावायचं, पापणी मिटत नाही. कानात बर्फाचं पाणी सोडायचं. तुझ्या-माझ्या कानात सोडलं तर डोळे गरागरा फिरतील, उलटी येईल. इथे डोळे जागचे हलत नाहीत. भुवईवरच्या हाडावर अंगठ्याने जोर द्यायचा, चेहरा हलत नाही. श्वासनलिकेत खोलवर सक्शनची नळी घालायची. खोकला नाही.

सगळ्यात शेवटी अ‍ॅप्निया टेस्ट. व्हेंटिलेटर काढायचा, बारीक नळीने नुसता ऑक्सिजन सोडत ठेवायचा आणि छाती-पोट उघडं ठेवून बघत उभं राहायचं. आठ-दहा मिनिटं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत जातो. तो ६० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला, की देठात एक जरी जिवंत पेशी-केंद्र शिल्लक असेल तरी ते श्वास ओढायला लावेलच, इतका तो जबरदस्त हुकूम असतो. तू आत्ता नाक-तोंड दाबून धर, अर्ध्या-एका मिनिटात कळेल मी काय म्हणते ते. त्या आठ मिनिटांत आयसीयूत कोणी बोलत नाही. मला तर दर वेळी वाटायचं, घे रे बाबा, एक तरी घे. छाती हलत नाही. मग रक्ताचा नमुना घेऊन व्हेंटिलेटर पुन्हा जोडायचा. आणि हे सगळं, पहिल्या टॉर्चपासून, निदान ६ तासांनी परत करायचं.

ठरवणारे चार डॉक्टर: हॉस्पिटलचा प्रमुख, त्याने नेमलेला एक तज्ज्ञ, एक न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन, आणि उपचार करणारा डॉक्टर. न्यूरोवाला नसेल तर त्याच्या जागी सर्जन, फिजिशियन, भूलतज्ज्ञ किंवा आयसीयूतज्ज्ञ चालतो, तशीच मी बसायचे. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला एकही माणूस यात चालत नाही. 'अवयवांसाठी घाई करतील' ही भीती लोकांना वाटते, आणि खरं सांगू, मेडिकलच्या पोरांनाही वाटते, फक्त ती पोस्टरवर लिहीत नाहीत. या भीतीला वेडगळ म्हणू नकोस. आपल्या देशात किडनीचा बाजार भरत होता म्हणून तर १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला. आणि त्या कायद्याच्या पहिल्याच कलमात आपल्या गोव्याचं नाव आहे: गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र ही तीन राज्यं, शिवाय केंद्रशासित प्रदेश, इथे तो सर्वांत आधी लागू झाला. डिचोलीतल्या काकांना हे सांगायला हरकत नाही.

आता माझी गोष्ट. हॉस्पिटल कुठलं ते सांगत नाही, तीस-एक वर्षं झाली. मोटरसायकलीवरून पडलेला बाविशीतला मुलगा. दोन्ही वेळच्या चाचण्या झाल्या होत्या, कागद तयार होते. बाहेर बाकावर त्याची आई, मामा आणि गावचे दोघे. मी आईला आत नेलं. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत होती, अंग गरम होतं. मी तिला म्हटलं, "बाय, त्याचा मेंदू गेलाय, आम्ही त्याला मशीनवर जिवंत ठेवलाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मगीर तो जिवो आसा न्हय?"

मग तो जिवंत आहे ना? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो माझ्याच वाक्यातला शब्द होता. त्यानंतर मी किडनीबद्दल बोलले. मामा उठून उभे राहिले. त्यांनी नकार दिला आणि मी त्यांना दोष देत नाही. मी सांगितलेल्या गोष्टीवर कोणत्याही शहाण्या माणसाने नकारच दिला असता. दोन दिवसांनी हृदय थांबलं. ती आई ते दोन दिवस बाकावर बसून होती, मुलगा उठेल म्हणून. ते दोन दिवस माझ्या जिभेने तिला दिले होते.

तेव्हापासून मी ते वाक्य टाकलं. 'लाइफ सपोर्ट'ही टाकलं. मी म्हणायचे, "तो गेला. छाती हलतेय ती मशीन हवा भरतंय म्हणून. मशीन थांबलं की हलणार नाही." आणि मग गप्प. अवयवांचा शब्दही काढायचा नाही. माणसाला मरण कळायला वेळ लागतो, तो द्यायचा. दानाचं बोलणं नंतर, शक्यतो दुसऱ्या माणसाने, आता त्यासाठी प्रशिक्षित समन्वयक असतात. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवायची: पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूमुळे हातपाय क्वचित आपसूक हलू शकतात. मेंदूचा त्यात संबंध नसतो. आधी सांगितलं तर घरचे समजून घेतात, नंतर सांगितलं तर ती सारवासारव वाटते.

म्हणून तुझ्या 'मी ढोंगी आहे का' या प्रश्नाकडे मी असं बघते. देशभरातल्या मेडिकल कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या पाहण्या होतात आणि बहुतेकांचा सूर एकच निघतो: दानाला पाठिंबा भरपूर, ब्रेन डेथ आणि कायदा यांची माहिती तोकडी. तुझे सहा-सात मित्र त्यातलेच. हृदय बाहेर काढल्यावर ४ ते ६ तास टिकतं, यकृत ८ ते १२, किडनी २४ तासांच्याही पुढे, एक दाता आठ जणांना वाचवू शकतो, हे सगळं तुम्हाला एमसीक्यूपुरतं, म्हणजे पर्यायी प्रश्नांपुरतं, पाठ असेल. रांगोळीत किडनीही सुबक काढता. पण तुम्ही साठ-सत्तर वर्षं जगाल आणि तुमच्यातला एखादाच ब्रेन डेथने जाईल. तुमचे स्वतःचे अवयव हा या प्रकरणातला लहान भाग आहे. तुम्ही शंभर-दीडशे जण आणखी काही वर्षांनी आयसीयूच्या दाराबाहेर उभे राहून कोणाच्या तरी आईशी बोलणार आहात, तो मोठा भाग. त्या दिवशी कार्ड कोणी विचारणार नाही.

चवथीच्या दुपारी तुझी ती तोंडी परीक्षा झाली. तू नापास झालीस, पण तुझ्या बॅचमध्ये निदान एकीला तरी आपण नापास झालो हे कळलंय. बाकीचे अजून स्टेटसवरच आहेत.

करायचं काय? सोपं आहे. हे सगळं मराठीत, कोकणीत, एकही इंग्रजी शब्द न वापरता पाच मिनिटांत बोलून बघ. मैत्रिणीला काकी कर आणि तिला आडवेतिडवे प्रश्न विचारायला सांग. इंग्रजीत सगळ्यांना सगळं समजलेलं असतं. आपल्या भाषेत सांगायला गेलं की भोकं दिसतात. तुमच्या बॅचला पुढचा कार्यक्रम करायचाच असेल तर रांगोळीऐवजी हा करा.

आता कार्डाबद्दल. परत करायची घाई नको, पण ते अर्धवट आहे. कायदा म्हणतो, लेखी संमती दोन किंवा अधिक साक्षीदारांसमोर हवी आणि त्यांतला निदान एक जवळचा नातेवाईक हवा. तुझे साक्षीदार म्हणजे दोन मैत्रिणी. असे किती फॉर्म दर वर्षी भरले जात असतील देव जाणे. ही अट काही उगाच घातलेली नाही. वेळ येते तेव्हा तू बोलायला नसतेस, घरचे असतात, आणि त्यांच्या संमतीशिवाय व्यवहारात कोणीही पुढे जात नाही. हल्ली आधार वापरून ऑनलाइन नोंदणीही होते. पण घरी माहीत नसेल तर तीही फोनमध्येच राहते. जवळचे नातेवाईक म्हणजे आईवडील, भावंडं, नवरा, मुलं, आणि २०११ च्या दुरुस्तीपासून आजीआजोबाही. हे शेवटचं लक्षात ठेव.

फॉर्मवर कोणते अवयव द्यायचे ते निवडता येतं, आणि उद्या मन बदललं तर संमती मागेही घेता येते. डोळ्यांच्या विचाराने तुला झोप लागत नसेल तर आज डोळे वगळ. कोणी हिशेब मागणार नाही. अ‍ॅनाटॉमी हॉलने ही भीती जाईल असं तुला का वाटलं, कळत नाही. तिथलं शव फॉर्मेलिनने कडक झालेलं, करडं, अनोळखी असतं. तुम्हाला पहिल्या वर्षी शिकवतातही, की ते शव हा तुमचा पहिला गुरू. पण तो देहदानाचा भाग झाला, अवयवदानाचा नाही, या दोन्हींची गल्लत तुमच्यातले निम्मे तरी करत असतील. अवयव काढतात ते ऑपरेशन थिएटरात, नेहमीच्या ऑपरेशनसारखे, हातमोजे-टाके सगळं तसंच. नंतर शरीर शिवून, पुसून घरच्यांच्या ताब्यात देतात. डोळ्यांचं म्हणशील तर पापण्या मिटलेल्या असतात, चेहरा ओळखीचाच राहतो. हे वाचूनही भीती राहील थोडी. राहू दे. मला अजून स्वतःचं रक्त काढताना बघवत नाही.

काकीशी पुनर्जन्मावर वाद घालू नकोस, जिंकलीस तरी हरशील. कौल लावायचा म्हणते ना, लावू दे. मोठ्या ऑपरेशनच्या आधी देवीची पाकळी उजवी पडल्याशिवाय, म्हणजे तिचा होकार मिळाल्याशिवाय, सही न करणारी कितीतरी माणसं मी पाहिली, आणि पाकळी पडल्यावर तीच माणसं धीराने आत गेलेली पाहिली. दुसरीकडे, गोव्यात डॉक्टर झालीस तर बाकावर जितक्या काकी असतील तितक्याच आंटी असतील. त्यांतल्या कोणी चर्चचं विचारलं तर पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली रोममध्ये प्रत्यारोपणाच्या जागतिक परिषदेत अवयवदानाची बाजू घेतली होती, हे माहीत असलेलं बरं.

पण काकीच्या एका शब्दाला मी अडले. 'अजून लग्न व्हायचंय.' २०२३ मध्ये देशात १८ हजारांवर प्रत्यारोपणं झाली आणि मरणोत्तर दाते होते जेमतेम अकराशे. बाकीचे अवयव कुठून आले? जिवंत माणसांकडून, आणि त्या देणाऱ्यांत बायका जास्त. नवऱ्याला किडनी बायकोची, मुलाला आईची. घरात किडनी लागली की आधी कोणाचा रक्तगट तपासला जातो, हे काकीला विचार. भांडायला नव्हे, खरंच विचार. मरणानंतरचे अवयव मिळाले तर ते जिवंत बाईच्या कुशीतून काढावे लागणार नाहीत. ही बाजू पथनाट्यात कधी येत नाही.

पैशाचं कोणी विचारलं तर: संमती दिल्यानंतर दात्याला सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च घरच्यांवर पडत नाही. त्याआधीचं उपचाराचं बिल त्यांचंच असतं, तेही लपवू नकोस. आणि नकार दिला तर? तर काही नाही. नकार हा त्यांचा हक्क आहे. बारीकसारीक शंकांना अवयव प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय संस्थेचा, म्हणजे नोट्टोचा, फुकटचा फोन आहे: १८००-११-४७७०.

बाबा गप्प का होते, ते मला ठाऊक नाही, तुलाही नसावं. एकटे असताना विचार. गाडी चालवताना विचारलेलं बरं, समोर बघत माणूस जास्त बोलतो.

आणि आता आजी. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्या अख्ख्या दुपारी प्रश्न समजून घेऊन विचारणारं एकच माणूस होतं, आणि तू त्यालाच उत्तर न देता आत गेलीस. काकीने विरोध केला, काकांनी शंका काढली. आजी तर विचारत होती, माझे घेतील का?

घेतील. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बदलतात ते आतलं भिंग. दान होतं ते बुबुळावरचं पारदर्शक पटल, कॉर्निया. तो तसाच असतो. चष्मा असो, डायबिटीस असो, रक्तदाब असो, अडत नाही. वयाची अट नाही. एड्स, कावीळ बी किंवा सी, रेबीज, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग, असं असेल तर घेत नाहीत. आणि यासाठी ब्रेन डेथ लागत नाही, व्हेंटिलेटर लागत नाही. आपल्या घरात, आपल्या खाटेवर, चार माणसांसारखं मरण आलं तरी चालतं. ६ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं. नेत्रपेढीला फोन करायचा, पापण्या मिटवायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. ती माणसं घरी येतात, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, थोडं रक्त तपासायला नेतात. अंत्यविधी अडत नाही.

हे आजीला फोनवर सांगू नकोस. दिवाळीला घरी गेलीस की तिच्याजवळ बसून सांग, तुझा नवा फॉर्मही बरोबर ने. साक्षीदाराच्या रकान्यात तिची सही चालते, ते वर सांगितलंच आहे. ऑपरेशन एका डोळ्याचं झालंय की दोन्ही आणि कधी, ते विचारून लिहून ठेव. नेत्रपेढीवाले विचारतात.